सतरा सप्टेंबरच्या मानकऱ्यांना अखेरचा इशारा

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे पालकमंत्री, खासदार, आमदार आणि झेडपीपासून पंचायत समितीपर्यंतचे कारभारी यांस. हे निवेदन नव्हे. निवेदने पुष्कळ झाली, आवक क्रमांक पडून तुमच्या कपाटांत धूळ खात आहेत. हा इशारा आहे आणि त्याला मुदत आहे.

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी तुमचे ताफे येतात, झेंडा चढतो आणि तेच भाषण होते: दिल्लीने फौज धाडली, चार-पाच दिवसांत निजाम शरण आला, मराठवाडा मुक्त झाला. फौज आली हे खरे. १३ सप्टेंबर १९४८ ला ती सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली आणि १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खानाने शस्त्रसंधी जाहीर केली. पण त्याआधी गावागावांत त्याचा अंमल कोणी खिळखिळा केला, हे तुमच्या भाषणात कधीच नसते. रयतेने जे केले ते तुम्ही वर्षानुवर्षे खाऊन टाकत आहात.

ऐका तर मग. निजामाच्या राज्यात साधी सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक आडवे यायचे. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी आली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकले. १९४७ च्या जूनमध्ये निजामाने फर्मान काढले की इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र. सुमारे एक कोटी साठ लाख रयतेला विचारण्याची त्याला गरज वाटली नाही. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेवर लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर जे झाले ते कोणत्याही फौजेच्या हुकमाने झाले नाही. लेव्हीचे धान्य देणार नाही म्हणून शेतकरी अडून बसले. सरकारची आबकारी शिंदीवर पोसलेली, म्हणून माणसे कुऱ्हाडी घेऊन निघाली आणि शिंदीची झाडे आडवी केली. हद्दीवरचे करोडगिरी नाके पेटले, पटवाऱ्यांची दप्तरे जळाली. दप्तर जळाले की वसुलीला आलेल्या शिपायाजवळ दाखवायला कागदच उरत नसे. पूर्वेकडे तेलंगणातले शेतकरी तर १९४६ पासूनच देशमुख-जहागीरदारांशी लढत होते.

आणि उमरी. ३० जानेवारी १९४८ ला लढ्याच्या उमरखेड कॅम्पवरच्या तरुणांनी उमरीची बँक लुटून सुमारे २१ लाख रुपये आणले. त्या पैशाचा पै-पैचा हिशेब त्यांनी दिला. घरी फाटके धोतर आणि हाती लाखोंच्या थैल्या असलेली ही माणसे होती. आज ग्रामसभेत पाणंद रस्त्याच्या निधीचा हिशेब मागितला तर माइक बंद पडतो. त्यांच्या पुतळ्याला हार घालताना तुमचा हात थरथरत कसा नाही?

दुसरे. या लढ्याला हिंदू-मुसलमानांचे भांडण करून विकणे बंद करा. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी काय केले ते आमच्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे, ते आम्हाला कोणी शिकवू नये. २९ ऑक्टोबर १९४६ ला अर्जापूरला गोविंदराव पानसरे पडले, त्यांचे रक्त आम्ही विसरलेलो नाही. पण ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खानही विसरलेलो नाही. भारतात सामिलीकरणाची बाजू घेऊन उर्दूत लिहिले म्हणून २२ ऑगस्ट १९४८ ला रझाकारांनी त्यांना ठार केले, लिहिणारा हात तोडला. तुमच्या भाषणात त्यांचे नाव का नाही? आणि निजाम शरण आल्यावर निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या, ज्यांची चौकशी सुंदरलाल समितीने केली, त्यावर तुम्ही तोंड का शिवता? लढा राजाशी आणि त्याच्या टोळीशी होता. हुतात्म्यांच्या मंचावरून यापुढे कोणी शेजाऱ्याविरुद्ध विष कालवले, तर त्याला तिथल्या तिथे खाली उतरवले जाईल.

तिसरे तुम्हाला सर्वांत झोंबेल. निजाम हरला, तरी १९५० ते १९५६ राजप्रमुख म्हणून मानाने बसला. जहागिऱ्या १९४९ मध्ये कागदावर रद्द झाल्या. जहागीरदारी मात्र मेली नाही, ती तुमच्या वाड्यांत राहायला आली. कारखाना तुमचा, बँक तुमची, शाळा-कॉलेज तुमचे, तिकीट पोराला, नंतर सुनेला. निजामापुढे नजराणा ठेवावा लागे. आज संस्थेत मास्तर लागायला पाकीट ठेवावे लागते, विहिरीची फाईल हलायलाही ठेवावे लागते. याद राखा, ज्या रयतेने सातव्या निजामाला द्यायचे बंद केले, तिचीच नातवंडे आज तुमचे मतदार आहेत.

आता मागणी. येत्या १७ सप्टेंबरच्या आत मराठवाड्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर त्या गावच्या हुतात्म्यांची आणि स्वातंत्र्यसैनिकांची नावे लागली पाहिजेत. सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळकेंसारख्या ज्या बायका लढल्या, त्यांचीही. हुतात्मा स्मारकांची गंजलेली कुलपे निघून तिथे वाचनालय सुरू झाले पाहिजे. आणि त्याच भिंतीवर गावाला आलेल्या निधीचा जमाखर्च लागला पाहिजे.

हे झाले नाही, तर आम्ही दगड उचलणार नाही, एसटीची काच फोडणार नाही. तुमच्या सरकारी सोहळ्याला मात्र गावचे एकही माणूस येणार नाही. आमचा झेंडा आम्ही हुतात्म्यांच्या वारसांच्या हातून चढवू आणि वेशीवर तुमच्यासाठी गावबंदीचा फलक लावू. तो निवडणुकीच्या दिवशीही तिथेच असेल.

१६ सप्टेंबरला संध्याकाळी पाच वाजता भिंती पाहिल्या जातील. नावे नसतील, तर दुसऱ्या दिवशी गाडी काढू नका.