उडीचे गुण, चालीचे गुण



एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची अकरा वर्षांची लेक मोबाइलवर बर्फावरचं स्केटिंग बघते आणि आईलाही शेजारी बसवून घेते. भांडण ठरलेलं. आईला जी मुलगी आवडते ती दुसरी येते आणि लेकीला आवडते ती पहिली. ‘जिचं अंग सुरांबरोबर वळतं तिला कमी गुण, आणि जी लांबून येऊन हवेत गरागरा फिरते तिला जास्त, हा कुठला न्याय?’ असं त्या विचारतात. विषय आपल्या रोजच्या धबडग्यापासून लांबचा खरा, पण शाळेच्या गॅदरिंगला परीक्षक म्हणून जी कुणी खुर्चीवर बसली असेल, तिला तो अगदी ओळखीचा वाटेल. म्हणून आज त्यावरच लिहिते.

आपल्याकडे पोरं चाकांचे स्केट्स घालून गोल गोल पळतात, तशी ही शर्यत नव्हे. फिगर स्केटिंगमध्ये बर्फावर एकटी मुलगी आणि तिचं संगीत. एक छोटा कार्यक्रम, एक मोठा. दोन्हींच्या गुणांची बेरीज. ज्युनियर गटात तेरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि एकोणीस न गाठलेल्या मुली. आता गुण कसे देतात ते पाहा. प्रत्येक उडीची, प्रत्येक गिरकीची किंमत आधीच छापील तक्त्यात ठरलेली असते, वाण्याच्या भावफलकासारखी. उडी कोणती, फेरे पूर्ण झाले की कमी पडले, हे तज्ज्ञांची वेगळी समिती ठरवते. तेही पुन:पुन्हा चित्रफीत बघून. परीक्षक मग ती उडी किती छान झाली याचे अधिक पाच ते उणे पाच असे अंक देतात. आणि याखेरीज तीन सदरांखाली दहापैकी गुण देतात: कार्यक्रमाची रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. पत्रातल्या आईला जे आवडतं, ते बहुतेक सगळं या तीन सदरांत बसतं.

उदाहरण घेऊ. २०२४ साली तैपेईला ज्युनियर गटाची जागतिक स्पर्धा झाली. जपानची माओ शिमादा आणि कोरियाची जिआ शिन, दोघी तेव्हा पंधरा वर्षांच्या. जिआचे हात, तिची मान, तिचं एका पायावर तोल सांभाळत लांबवर वाहत जाणं असं की बघतच राहावं. छोट्या कार्यक्रमात तीच पुढे होती: ७३.४८, माओचे ७२.६०. मोठ्या कार्यक्रमात मात्र माओला १४५.७६ मिळाले, जिआला १३८.९५, आणि सुवर्णपदक माओकडे गेलं.

आता हिशेब करू, पेन्सिल घेऊन बसा. माओच्या भात्यात दोन बाण होते, जे जिआकडे तेव्हा नव्हते: हवेत साडेतीन फेरे घेण्याची ट्रिपल ॲक्सल आणि चार फेऱ्यांची क्वाड टो लूप. त्या वेळच्या तक्त्यात ट्रिपल ॲक्सलची किंमत ८.०, अडीच फेऱ्यांच्या डबल ॲक्सलची फक्त ३.३. चार फेऱ्यांची टो लूप ९.५, तीन फेऱ्यांची ४.२. म्हणजे या दोन उड्या नीट बसल्या तर नुसत्या मूळ किमतीत दहा गुणांची आघाडी. आता दुसरी बाजू. मुलींच्या मोठ्या कार्यक्रमात त्या तीन सदरांच्या गुणांना २.६७ नं गुणतात. समजा एखाद्या मुलीला तिन्ही सदरांत दुसरीपेक्षा एकेक अख्खा गुण जास्त मिळाला, आठाऐवजी नऊ, तर फरक पडेल सुमारे आठ गुणांचा. म्हणजे कागदावर तराजूची दोन्ही पारडी जवळजवळ बरोबरीची आहेत. नियम करणाऱ्यांनी चालीला वाऱ्यावर सोडलेलं नाही.

अडचण कागदाच्या पुढे आहे. उडीचे दहा गुण तक्ता देतो, त्याला भीडभाड नाही. चालीचा एक अख्खा गुण मात्र कुणातरी माणसानं धीर करून द्यावा लागतो. पहिल्या दोन-चार मुलींमध्ये एवढं अंतर ठेवायला परीक्षकांचा हात सहसा धजत नाही. पाव-अर्ध्या गुणांवर काम भागवलं जातं. त्यात आणखी एक गंमत. एखादीच्या अवघड उड्या एकामागून एक बसल्या की बघणाऱ्याचं मन भरून येतं, आणि मग तिचे हातही जास्त सुंदर वाटू लागतात. आपण नाही का, गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाचं अक्षरही वळणदार समजत? मी शाळेत वह्या तपासते, म्हणून सांगते. डोळा आकड्यामागे जातो. परीक्षकाचं खरं कसब तो तसा जाऊ न देण्यात आहे.

पण भगिनींशी माझं इथे थोडं जमत नाही. अवघड उडी म्हणजे नुसता धसमुसळेपणा, असं त्यांच्या पत्रात ओळींमागे आहे. तसं नाही हो. हवेत मिळतो पाऊण सेकंदापेक्षाही कमी वेळ. त्यात चार फेरे पुरे करून एका पायावर, मागे घसरत, पात्याच्या बाहेरच्या कडेवर उतरायचं. पडलं तर बर्फ काही गादी नव्हे. याला गुण द्यायचे नाहीत तर कशाला द्यायचे?

मला खुपतं ते निराळंच. ही उडी शरीर लहान असताना सोपी जाते. अंग बारीक, कंबर अरुंद, की भोवऱ्यासारखं फिरता येतं. २०१८ साली सोफियाला झालेल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत रशियाच्या अलेक्सांद्रा त्रुसोवानं एकाच कार्यक्रमात दोन चौफेरी उड्या मारल्या. असं आजवर कुठल्याच स्त्रीनं केलं नव्हतं, आणि ही होती तेरा वर्षांची! पुढे चौदा-पंधराव्या वर्षी उंची वाढते, अंग भरतं, आणि काल सहज होणारी गोष्ट आज होईनाशी होते. ते वय आपण सगळ्यांनीच काढलं आहे. आपण निदान घरात होतो. या मुली सगळ्या जगासमोर असतात. म्हणून गुणपत्रकात चालीच्या बाजूला वजन राहावं असं मला वाटतं. उडी गेली तरी मुलीकडे शिल्लक राहील असं काहीतरी लहानपणीच शिकवायला शिक्षकांना कारण हवं.

संघटनेनं २०२२ मध्ये यावर एक उपाय केला. मोठ्यांच्या गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्यानं सतरावर नेली. त्याची झळ कुणाला बसली पाहा. जिआचा जन्म मार्च २००८ चा, माओचा ऑक्टोबर २००८ चा. २०२६ च्या मिलानच्या ऑलिम्पिकसाठी १ जुलै २०२५ च्या आधी सतरा पूर्ण हवे होते. जिआ बसली, माओ राहिली. हिचं नाव ज्या माओ आसादावरून ठेवलं, तीही २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकला ८७ दिवसांनी हुकली होती. नावाबरोबर नशीबही येतं की काय, देव जाणे. ती मोठी माओ पुढे २०१० मध्ये व्हँकुव्हरला गेली, दोन्ही कार्यक्रम मिळून तीन ट्रिपल ॲक्सल मारल्या, आणि तरी रौप्यच मिळालं. सुवर्ण कोरियाच्या किम युनाला, जिनं एकही ट्रिपल ॲक्सल मारली नव्हती. तेव्हा कठीणच दर वेळी जिंकतं असंही नाही.

आता ‘परिपक्वता’ या शब्दाकडे वळते, कारण घोळ खरा तिथेच होतो. पंधरा वर्षांच्या मुलीत परिपक्वता शोधायची म्हणजे काय शोधायचं? कित्येक शिक्षक ते सोपं करून टाकतात. ओठांना गडद रंग, ऑपेरातलं विरहाचं संगीत, चेहऱ्यावर पस्तिशीच्या बाईचं दु:ख. टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमांत दहा वर्षांची चिमुरडी लावणी करत डोळा मारते आणि सगळे ‘वा, काय अदा!’ म्हणून टाळ्या पिटतात, त्यातलाच हा प्रकार. मला ते बघवत नाही. ती पोरीची समज नव्हे, घासून घेतलेली नक्कल.

खरी समज चेहऱ्यावर कमी आणि गुडघ्यांत जास्त दिसते. पाय बर्फात किती मऊ वाकतो, वळण घेताना पातं कडेवर किती झुकतं, जोर न लावता वेग कसा राहतो, पात्याचा करकर आवाज येतो की येत नाही. हात वर गेला तर सूर संपेपर्यंत तो वर राहतो, की पुढच्या उडीच्या घाईत मध्येच खाली येतो. आणि उडीच्या आधी काय चाललंय? काही मुली अर्धं मैदान नुसत्या पाय मारत येतात, उडी कधी येणार ते तुम्हाआम्हालाही कळतं. काही जणी पावलं टाकता टाकता अशा उडतात की आपण दचकतो. कथकमध्ये नुसत्या चकरा मोजायच्या, की बाई समेवर आली का ते बघायचं? तेच हे. हे सगळं बारा-तेराव्या वर्षी येऊ शकतं, त्यासाठी कुणाच्या विरहाची गरज नाही.

अमेरिकेच्या अलिसा लिऊची हकीकत तुम्हाला आवडेल. २०१९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ज्युनियर स्पर्धेत एकाच कार्यक्रमात ट्रिपल ॲक्सल आणि चौफेरी लुट्झ मारणारी ती पहिली. २०२२ मध्ये, सोळाव्या वर्षीच, तिनं खेळ सोडला. दोन वर्षं मजेत काढली, मग आपल्या मनानं परत आली, आणि मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली. त्या वेळी ना ट्रिपल ॲक्सल, ना चौफेरी. पण तीन फेऱ्यांच्या उड्या चोख होत्या, हे विसरू नका. नुसत्या हसण्यावर कुणी सुवर्ण देत नाही.

तर भगिनी, तुम्ही आणि तुमची लेक एक करा. स्पर्धा संपल्यावर प्रत्येक मुलीचं सविस्तर गुणपत्रक जाहीर होतं. एकेका परीक्षकानं काय दिलं ते त्यात दिसतं. तैपेईचे ते दोन मोठे कार्यक्रम पुन्हा लावा. या वेळी जिआच्या उड्या तुम्ही मोजा, आणि माओच्या दोन उड्यांच्या मधला वेळ लेकीला बघू दे. चालीचे गुण दोघींनी आपापल्या कागदावर आधी लिहायचे, खरे आकडे नंतर बघायचे. कुठे जुळलं आणि कुठे नाही, ते पत्रानं जरूर कळवा.