आधी नष्ट केलेल्या कागदांची यादी दाखवा

विद्यापीठातल्या जुन्या कागदांविषयी दोन मते ठणकावून मांडली जातात. एक पक्ष म्हणतो, कुठलाही कागद फाडू नका, कधी काय लागेल सांगता येत नाही. दुसरा म्हणतो, सगळे स्कॅन करा आणि खोल्या मोकळ्या करा. पहिल्याला सावध समजतात, दुसऱ्याला आधुनिक. मला हे दोन्ही पक्ष एकाच आळसाची रूपे वाटतात. कोणता कागद ठेवायचा, किती वर्षे ठेवायचा आणि कोणाच्या सहीने घालवायचा, हा निर्णय दोघांनाही घ्यायचा नाही.

पहिल्या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा आधी घेऊ. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा तहसिलींतली आणि शाळांतली दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. जुने जपले म्हणूनच सापडले ना, असा सवाल तेव्हापासून हमखास येतो. सापडले खरे, पण काय सापडले? जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, महसुली नमुने, शाळांची प्रवेशाची रजिस्टरे. त्यांना रकाने होते, क्रमांक होते, आणि ती कायम ठेवायची हे कुणीतरी फार पूर्वी ठरवून ठेवले होते. त्याच कपाटांत दरवर्षीची हजेरीपत्रके, रजेचे अर्ज आणि स्टेशनरीची बिले शंभर वर्षे कोंबत गेले असते, तर समितीला त्या रजिस्टरांपर्यंत पोचायला किती काळ लागला असता, याचा अंदाज कुठल्याही रेकॉर्डकीपरला विचारावा.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नेमके हेच कोंबणे चालते. 1986 साली पदवी घेतलेल्या माणसाला परदेशातल्या मुलाकडे जायचे असते किंवा निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात पदवीची पडताळणी करून हवी असते. त्यासाठी त्या वर्षीच्या लेजरमधली एक ओळ पुरते. पण लेजर असते तळाला. त्यावर पर्यवेक्षकांचे अहवाल, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, प्रवेशपत्रांच्या कार्यालयीन प्रती आणि कधीच जायला हव्या होत्या अशा उत्तरपत्रिका. कोकणपट्टीतल्या दमट खोलीत वाळवीला यातले अग्रक्रम कळत नाहीत. शिवाय त्या ढिगात हजारो विद्यार्थ्यांचे उत्पन्नाचे दाखले, आजारपणाची प्रमाणपत्रे, जातीचे कागद पडलेले असतात, आणि खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते विचारू नये.

कायद्याची भीती हे या पक्षाचे दुसरे शस्त्र. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे बेकायदा नाशाला 5 वर्षांपर्यंत कारावास किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शासनाच्या पैशावर चालणाऱ्या वैधानिक संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. म्हणून बाबू कात्रीला हात लावत नाही. पण हा कायदा पद्धत सोडून केलेल्या नाशाला शिक्षा सांगतो, पद्धतीने केलेल्या निंदणीकरणाला नव्हे. आपल्या सरकारी कार्यालयांत 'अ' वर्ग कायमचा, 'ब' 30 वर्षांचा, 'क' 10, 'क-1' 5 आणि 'ड' एका वर्षाचा, ही वर्गवारी जुनीच आहे. सहा गठ्ठे पद्धतीत तर नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठा वेगळा बांधायला शिकवतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, आणि त्याच निकालात जतनाची ठरलेली मुदत संपल्यावर तो हक्क उरत नाही, असेही म्हटले. म्हणजे मुदत ठरवून ती जाहीर करणे ही विद्यापीठाची ढाल ठरते आणि विद्यार्थ्यालाही आपले घड्याळ कळते. मुदत ठरलेलीच नसेल तर उरते ते 'गहाळ' नावाचे उत्तर. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात हे उत्तर मोडीत काढले. कागद सापडत नसेल तर चौकशी करा, जबाबदारी ठरवा, असे बजावले.

माहिती अधिकारात अडकू नये म्हणून लवकर फाडून टाका, असा एक तिसरा पक्षही कानगोष्टींत असतो. त्याला उत्तर द्यायची गरज नाही, तो गुन्हा आहे.

आता आधुनिकांकडे वळू. स्कॅनिंगला माझा विरोध नाही. स्कॅन झाले म्हणजे जतन झाले, या समजुतीला आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडचे मराठी टंकन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर चाले. त्या काळात टंकलेली इतिवृत्ते आणि परिपत्रके आज नव्या संगणकावर उघडली, की मूळ फाँट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल शाबूत आहे, बाइटही गेलेला नाही, फक्त ठराव वाचता येत नाही. कागदावरची छापील प्रत तोवर 'संगणकात आहे ना' म्हणून रद्दीत गेलेली असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 7 ला नुसती फाइल पुरत नाही. ती पुढे वापरता येईल अशी हवी, आशय बिनचूक राहील अशा स्वरूपात हवी, कुठून आली आणि केव्हा आली हे कळायला हवे. कंत्राटदाराने पेनड्राइव्हवर आणून दिलेल्या, 'स्कॅन1' ते 'स्कॅन9000' अशा नावांच्या फाइली यातल्या कुठल्या कसोटीला उतरतात?

मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्महिने रखडले, न सापडलेल्या उत्तरपत्रिकांसाठी सरासरी गुण द्यावे लागले, कुलगुरूंना पद गमवावे लागले. तंत्राला दोष देऊन लोक मोकळे झाले. मला त्यात गठ्ठा, क्रमांक आणि ताबा यांची जुनीच बेशिस्त दिसते, फक्त या वेळी ती वेगाने घडली.

मग काय हवे? वर्गवारी करणारा जाणता माणूस हवा, कारण तक्ता एकटा पुरत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत अशा विद्यापीठाच्या आवक टेबलावर येणारी बाजूची-विरोधाची निवेदने, संघटनांची पत्रे, टिपण्या लिपिकाच्या हिशेबात किरकोळ टपाल. पोच दिली की विषय संपला, वर्ग 'ड'. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र अधिकृत ठरावापेक्षा हे टपालच अधिक बोलके. उलट त्याच वर्षांची प्रवासभत्त्याची बिले लेखापरीक्षण मिटल्यावर कुणाच्याच कामाची नाहीत. हा फरक ओळखायला अभिलेखशास्त्र शिकलेला, इतिहासाची जाण असलेला अभिलेखपाल लागतो. अभिलेखांचे रक्षक म्हणून नाव कुलसचिवांचे असते, पण त्यांचा दिवस बैठकांत आणि न्यायालयीन तारखांत जातो. अभिलेखपालाचे काम शिक्षा म्हणून बदली झालेल्या, निवृत्तीला आलेल्या कर्मचाऱ्याकडे देण्याची आपली रीत आहे. ती आधी मोडायला हवी.

नाश कसा करायचा, हेही तितकेच महत्त्वाचे. न्यायप्रविष्ट प्रकरण, प्रलंबित अपील, न मिटलेला लेखाआक्षेप असेल तर मुदत संपली तरी कागद थांबलाच पाहिजे. बाकीच्यांची यादी करावी, विभागप्रमुखाची आणि अभिलेख अधिकाऱ्याची सही घ्यावी, माणूस समोर उभा करून लगदा करावा. रद्दीवाल्याला किलोवर विकू नये, नाहीतर कुणाची तरी गुणपत्रिका भेळेखाली येते. आणि ही नाशाची यादी स्वतः 'अ' वर्गात, कायमची, संकेतस्थळावर.

अर्थसंकल्पाच्या अधिसभेत डिजिटायझेशनची तरतूद दरवर्षी टाळ्यांत मंजूर होते. पुढच्या वेळी एखाद्या सदस्याने तरतुदीवर बोलण्याआधी गेल्या 5 वर्षांतल्या नष्ट केलेल्या कागदांच्या याद्या पटलावर मागाव्यात. त्या आल्या, तर रक्कम खुशाल दुप्पट करावी.