सुतळीचं जंगल

मुलांनो, आज एक खेळ सांगतो. सामान अगदी थोडं लागतं. सुतळीचा एक मोठा गुंडा, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, खडू आणि दहा-बारा मित्रमैत्रिणी. एवढ्यात वर्गात चक्क जंगल उभं राहतं बरं का!

आमची शाळा केळापूर तालुक्यातली. त्यामुळे जंगल शोधायला लांब जावं लागलं नाही. पांढरकवड्याजवळच टिपेश्वर अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं हे जंगल १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मुलांनी पुठ्ठ्यांवर तिथलीच नावं लिहिली. माती, गवत, मोह, चितळ, रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर, उंदीर, धामण, घुबड, शेणकिडा, गिधाड आणि वाघ. पुठ्ठे गळ्यात अडकवून सगळे गोल बसले.

सुतळीचं टोक मातीनं धरलं. माती गवताला पोसते, म्हणून गुंडा गवताकडे गेला. गवत चितळ खातं, चितळाला वाघ खातो. चितळाचं शेण शेणकिडा मातीत गाडतो, म्हणजे गुंडा फिरून पुन्हा मातीकडे! असं करता करता मधोमध मोठं जाळं झालं. मग मी म्हटलं, "गवता, सुतळी हळूच ओढ. ज्याला हिसका जाणवेल त्यानं दुसरा हात वर करायचा." बघता बघता सगळ्यांचे हात वर. वाघाचासुद्धा! आता वाघ कुठे गवत खातो? पण गवत खाणारे तो खातो ना! अशा एकमेकांत गुंतलेल्या जगालाच परिसंस्था म्हणतात.

गिधाडाचा पुठ्ठा घ्यायला मात्र कोणी तयार नव्हतं, कारण ते कुणी पाहिलंच नव्हतं. त्याची गोष्ट ऐका. दुखणाईत गुरांना डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत. असं गुरू मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. भारतातली बहुतेक गिधाडं अशी गेली. २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद झालं, पण तोवर फार उशीर झाला होता. बघा, सुतळी तोडायची कुणाच्या मनातही नव्हती, तरी ती तुटली.

तेवढ्यात रोही झालेला चौथीतला मुलगा म्हणाला, "सर, वाघाले सोडून द्या ना. माहे बाबा रातच्याले जागलीले जातेत."

वर्ग एकदम गप्प झाला. तो काही चुकीचं बोलत नव्हता. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीशी १३ माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. तेव्हा मोठी माणसंही आपसांत भांडली. कुणी म्हणे बरं झालं, कुणी म्हणे वाईट झालं.

मी म्हटलं, "चला, करूनच पाहू." वाघानं सुतळी सोडली. चितळ, रोही, रानडुक्कर यांच्या हातातली सुतळी ढिली पडली.

"रोही, आता तुला कोण खाईल?"

"कोनीच नाही."

"मग तुम्ही वाढाल. जंगलातलं गवत पुरलं नाही तर?"

"आमच्या तुरीत येऊ."

"आणि बाबा जागलीला कशासाठी जातात?"

तो थोडा थांबला. मग हळूच म्हणाला, "रोही अन् डुकरं हाकलाले. मंग तं बाबाले झोपच भेटनार नाही!" सगळे हसले, तोही हसला. पण लगेच म्हणाला, "तरी सर, भेव तं लागतेच."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा माती झालेली मुलगी म्हणाली, "सर, यात माणूस कुठं आहे?" खरंच की! माणसाचा पुठ्ठा करायचं आम्ही सगळेच विसरलो होतो.

आम्ही तो केला आणि रोहीच्या शेजारी माणसाला बसवलं. त्याला सुतळी किती लागली म्हणता! पऱ्हाटीसाठी मातीकडे, गुरांसाठी गवताकडे, फुलं वेचायला मोहाकडे, पिकाच्या राखणीपायी रोही-डुकराकडे आणि भीतीपोटी वाघाकडे. सगळ्यात जास्त हिसके त्यालाच बसले.

म्हणून शेवटी मुलांनी फळ्यावर लिहिलं: रानात एकट्यानं जायचं नाही. पहाटे, तिन्हीसांजेला झुडपात वाकून बसायचं नाही. पावलांचे ठसे दिसले, तर लगेच मोठ्यांना आणि वनरक्षकाला सांगायचं. वाघ राहायला हवा आणि बाबाही सुखरूप घरी यायला हवेत.

पालकांनो, जंगल वाचवा म्हणणं सोपं आहे. पण जागलीला जाणाऱ्याच्या हातातली सुतळी सगळ्यात ताणलेली असते. तिच्याकडे लक्ष दिलं, तरच बाकीचं जाळं टिकेल.

मुलांनो, तुमच्याकडे जंगल नसेल, तर शेताचा बांध घ्या, तळं घ्या, नाही तर शाळेतलं एखादं झाड घ्या. आजी-आजोबांना विचारा, पूर्वी दिसणारं आणि आता न दिसणारं कोण आहे? त्याचाही पुठ्ठा करा. आणि हो, माणसाला विसरू नका. तुमच्या सुतळीत कोण कोण होतं, ते मला पत्रानं कळवाल ना?