रुळांचे माप आणि संगणकातील फाइल

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. हे माप सर्वांना ठाऊक असल्यामुळे कोणत्याही कारखान्यात बनलेला डबा त्यांवर धावू शकतो. उलट, कल्याणच्या पुढे नेरळला पाहा. माथेरानच्या गाडीच्या रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर. तेथे सामान उचलून गाडी बदलावीच लागते.

संगणकातील मजकुराचेही असेच आहे. फाइलमध्ये अक्षरे नसतात, आकडे असतात. पूर्वी मराठी फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्या हे आकडे आपापल्या मर्जीने ठरवीत. त्यामुळे एका फॉन्टात जुळवलेले 'ठाणे' दुसऱ्यात उघडले, की निरर्थक चिन्हे दिसत. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला एकच जगजाहीर क्रमांक दिला. 'ठ'चा क्रमांक आहे २३३६.

आता वागळे इस्टेटमधील एखाद्या छापखान्याचा किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्याचा विचार करा. त्याची वीस वर्षांची बिले व पत्रव्यवहार एकाच कंपनीच्या बंद फॉरमॅटमध्ये असला आणि उद्या तिने भाव वाढवला, तर मालक काय करील? कपाट त्याचे, पण किल्ली दुसऱ्याकडे! ओपन डॉक्युमेंट या खुल्या फॉरमॅटची रचना मात्र २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध आहे. ती वाचणारी आज्ञावली कोणीही लिहू शकतो. लिबरऑफिससारख्या मुक्त आज्ञावलीचा तर मूळ मजकूरही मिळतो. जणू यंत्राबरोबर त्याचे नकाशेच! बिघाड झाला तर कोणताही जाणकार तो दुरुस्त करू शकतो.

'मुक्त' म्हणजे बिनखर्ची नव्हे. शिकायला वेळ आणि दुरुस्तीला मजुरी लागते. जुन्या फायली आणताना मांडणीही कधी बिघडते. पण तो पैसा परवान्यावर न जाता माणसाच्या कौशल्यावर खर्च होतो, आणि ते कौशल्य आपल्या गावातच राहू शकते. लहान उद्योगाला याहून मोठा आधार कोणता?

म्हणून शाळेत एकाच आज्ञावलीची बटणे पाठ करून घेण्यापेक्षा फाइल कशी बनते हे शिकवावे, असे आमचे मत आहे. तुम्हीच करून पाहा. एखाद्या ओडीटी फाइलची प्रत काढा, तिच्या नावातील शेवटच्या 'ओडीटी'ऐवजी 'झिप' करा आणि उघडा. आतील एका फाइलमध्ये तुमचे वाक्य तुम्हाला साध्या अक्षरांत सापडेल.