‘स्वयंसेविका’ म्हणजे कोण?

22 मार्च 2020 रोजी भारतात थाळ्या वाजल्या. चारच दिवसांनी आयर्लंडमधील नागरिकांनी दारात उभे राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजविल्या; आमचे मेनूथही त्यास अपवाद नव्हते. ते कौतुक मनापासूनचे होते. परंतु महामारीत अगदी पहिल्या पायरीवरचा कर्मचारी कशाच्या बळावर तग धरतो, या प्रश्नास ‘धैर्य’ एवढेच उत्तर दिले, की शासनाची सुटका होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविकांकडे पाहावे. सप्टेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या घरोघर फिरल्या, ताप आणि रक्तातील प्राणवायूची पातळी मोजीत गेल्या. गरोदर माता व बालकांच्या लसी ही नित्याची कामे सुटली नव्हतीच. तरीही शासनदरबारी त्या स्वयंसेविका. म्हणजे वेतन नाही, कामागणिक मोबदला. आपल्या सभांतून त्यांना सावित्रीबाईंच्या लेकी म्हटले जाते, ते योग्यच आहे. परंतु 1897 च्या प्लेगात रुग्णसेवा करताना प्राण वेचणाऱ्या सावित्रीमाईंनी ते व्रत स्वतः स्वीकारले होते. जिची चूलच त्या मोबदल्यावर पेटते, तिच्यावर व्रत लादण्याचा अधिकार कोणास?

अखेर 15 जून 2021 पासून सुमारे 70 हजार आशांनी संप केला. आठवडाभराने दरमहा 1,000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता मान्य झाला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. नाव मात्र स्वयंसेविकाच राहिले.

येथील चित्र सर्वस्वी निराळे नाही. ऑगस्ट 2020 मध्ये मांस-कारखान्यांतील साथीमुळे आमच्या किल्डेअर काउंटीच्या सीमा बंद झाल्या. आम्हां वैद्यकांना पुष्कळसे रुग्ण दूरध्वनीवर तपासता आले; वृद्धांना घरी जाऊन आंघोळ घालणाऱ्या मदतनिसांना ती सोय कोठून असणार? जानेवारी 2022 मध्ये जाहीर झालेल्या 1,000 युरोंच्या सन्माननिधीसाठी त्यांच्यापैकी अनेकांना महिनोन्‌महिने तिष्ठावे लागले. आपल्या कुटुंबांतील किती भगिनी हे काम करतात, हे वाचकांस सांगावयास नको.

1 जानेवारी 2023 पासून येथे मालकाकडून आजारपणाची पगारी रजा कायद्याने मिळू लागली: पहिल्या वर्षी 3 दिवस, 2024 पासून 5. या भगिनींनी आपल्या करारपत्रात त्याहून अधिक काही लिहिले आहे काय, हे अवश्य पाहावे.