फोटो मागताय, हिशेब कधी मागणार?

दर एक एप्रिलला आमच्या नाक्यावर बोर्ड लागतो : रिझर्व्ह बँकेचे जनक बाबासाहेब. खाली दहा भाऊंचे हात जोडलेले फोटो. आता भाऊंनी नवी मागणी काढलीय. नोटेवर बाबासाहेबांचा फोटो पाहिजे. सह्यांचा कागद माझ्यापुढं आला. मी विचारलं, भाऊ, 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' वाचलंय? भाऊ म्हणाला, तू लई शहाणा झालास.

मी सही केली नाही. का केली नाही ते लिहितो.

मी गोदीत माल उचलतो. पाळी सुटली की ग्रीन गेटातून बाहेर पडतो, भगतसिंग रोडनं चालत निघतो. वाटेत ती इमारत लागते. वर बघता बघता मान दुखते. आत हुंदडायला आपल्याला कोण सोडणार? पण आतला कागद रोज आपल्या खिशात येतो आणि रोज आपल्या खिशातून जातो. म्हणून तिची कुळकथा आपल्याला ठाऊक पाहिजे.

बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. भांडवल पाच कोटी, शेअर खाजगी लोकांचे. मुख्य कचेरी आधी कलकत्त्याला, १९३७ साली ती मुंबईला आली. बँक सरकारच्या मालकीची झाली १ जानेवारी १९४९ ला. म्हणजे देश स्वतंत्र होऊन सव्वा वर्ष उलटलं तरी देशाच्या पैशाची बँक भागधारकांचीच होती.

आता बाबासाहेब. पुस्तक आलं १९२३ साली, लंडनला. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं त्यांनी साक्ष दिली. १९२६ साली कमिशननं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३४ साली कायदा झाला. एवढं खरं. पण कमिशननं मागितलं ते आणि बाबासाहेबांनी मागितलं ते एक नव्हतं. त्यांचा रोख एकाच गोष्टीवर होता : रुपये पाडायची मुभा कुणाच्या मर्जीवर सोडू नका. टांकसाळीला कुलूप लावा, चलनाला हद्द घाला. का? तर रुपयाची किंमत घसरली की माल बाहेर पाठवणारा व्यापारी कमावतो, आणि त्याची ती कमाई आकाशातून पडत नाही. ती मजुराच्या ताटातून जाते. भाव आधी चढतात, मजुरी मागून लंगडत येते. मधलं अंतर ज्याच्या खिशात जातं तो फायद्यात.

दोस्तांनो, हे वाक्य मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. दोन वर्षं ठेकेदाराचा रोज तोच आहे. तेलाचा डबा तोच राहिलेला नाही.

आणि हद्दीचं काय झालं? १९३५ ला नोटांमागं चाळीस टक्के सोनं आणि स्टर्लिंग ठेवायची अट होती. १९५७ पासून अट उरली एकूण दोनशे कोटींची, त्यात एकशे पंधरा कोटींचं सोनं. नोटा कितीही वाढोत, अट तेवढीच. सोन्याचं कुलूप आता परत लागणार नाही, कबूल. पण मग कुलपाच्या जागी काय आहे? माणसांची मर्जी. २०१६ साली कायदा बदलून सहा जणांची समिती बसवली. महागाई चार टक्क्यांवर ठेवायची, दोन इकडं दोन तिकडं. भाव आवरणं आपल्याच हिताचं आहे, बाबासाहेबांचंही म्हणणं तेच. पण त्या सहांत कायद्यानंच फक्त अर्थशास्त्र आणि बँकेतले जाणकार बसतात. मजुरी मागून लंगडत येते हे अंगावर सोसलेला एकही नाही.

त्याच साली ८ नोव्हेंबरला मर्जी काय करते ते दिसलं. मी दहावीला होतो. माय चार घरची धुणीभांडी करायची. तिचं माझ्या फीचं पैकं तांदळाच्या डब्यात, सगळ्या पाचशेच्या नोटा. तीन दिवस ती रांगेत उभी. दोन घरांनी कामावरून काढलं. आणि बँकेच्या संचालक मंडळानं त्याच संध्याकाळी सरकारला शिफारस दिली होती. त्याच बैठकीच्या टिपणात असंही नोंदलंय की काळा पैसा बहुतेक नोटांत नसतो, सोन्यात आणि जमिनीत असतो. ठाऊक होतं, तरी शिफारस दिली! १५.४१ लाख कोटींच्या नोटा रद्द झाल्या, १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या. चोर सुटला. मायचा रोज बुडाला तो बुडालाच.

आता कर्ज बघा. बँकेचा नियम आहे, दुर्बल घटकांना कर्जातला ठरावीक वाटा द्या. आता तो बारा टक्के. पण त्या एका पंगतीत लहान शेतकरी, कारागीर, बचत गट, अल्पसंख्य आणि आपण, सगळे बसवलेत. आपल्या ताटात किती पडलं याचा वेगळा आकडा बांधलेला नाही. २०१० साली रिझर्व्ह बँकेनं बजावलं, लहान धंद्याला दहा लाखांपर्यंत तारण मागू नका. माझा दोस्त टेम्पोसाठी एका बँकेत गेला. साहेबानं पत्ता वाचला, वस्तीचं नाव वाचलं आणि विचारलं, तारण काय? शेवटी त्याच्या बायकोनं गटाचं कर्ज काढलं. हप्ता चुकला की वसुलीवाला दारात. आणि असल्या कर्जावरच्या व्याजाला जी वरची मर्यादा होती ती रिझर्व्ह बँकेनंच २०२२ साली उठवली.

भाऊ, या सगळ्यावर नोटेवरचा फोटो काय करणार? नोट साहेबाच्या टेबलावर पडेल, बाबासाहेब वर बघतील आणि साहेब विचारेल, तारण काय?

मागायचं तर हे मागा. प्रत्येक शाखेनं आपल्या लोकांना किती कर्ज दिलं, किती नाकारलं, ते भिंतीवर लावा. तारणाचा नियम मोडणाऱ्याला दंड करा. व्याजाची मर्यादा परत आणा. त्या सहांत कष्टकऱ्याचा माणूस बसवा. या मागण्यांखाली मी अंगठासुद्धा देईन.

आणि पुस्तक वाचा. महाराष्ट्र शासनाच्या सहाव्या खंडात आहे. इंग्रजी जड आहे, माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पानापानाला डिक्शनरी लागते. रविवारी संध्याकाळी विहारात बसतो आम्ही चौघं. पाचवा तू ये. भाऊंनाही आण.

जयभीम.