भाड्याची पहिली खोली : आधी कागद, मग कुलूप

कारागिराचे हात चालतात तोवर घरात पैसा येतो. नजर मंदावली, गुडघे धरले की सुई थांबते आणि मागही थांबतो. म्हणूनच चार पैसे साठले की एखादी खोली घेऊन भाड्याने द्यावी, असे आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांच्या मनात येते. विचार योग्यच आहे. घाई होते ती सुरुवात करताना.

पहिला प्रश्न मालकीचा. नुसत्या स्टॅम्प पेपरवर किंवा कुलमुखत्यारपत्रावर खोल्यांचे सौदे होतात, कारण त्या स्वस्त पडतात. पण अशा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. पागडीची खोली घेणाराही मालक होत नाही, तो भाडेकरूच राहतो. मालकाच्या संमतीशिवाय ती दुसऱ्याला दिली तर ताबाही जाऊ शकतो. तेव्हा नोंदणीकृत खरेदीखत, सूची क्रमांक दोन आणि मालमत्ता पत्रक किंवा सातबारा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. समजा, खोली २० लाखांची आणि भाडे महिना ७,००० रुपये. वर्षाचे ८४,००० होतात. एक महिना खोली रिकामी राहिली आणि सोसायटीचा खर्च, घरपट्टी व डागडुजीत १२,००० गेले, तर हाती उरतात ६५,०००, म्हणजे शेकडा सव्वातीन. एवढ्यासाठी दुकानातले खेळते भांडवल काढणे शहाणपणाचे नाही. धंद्याला लागणार नाही अशीच बचत यात घालावी.

तिसरा प्रश्न कराराचा. ‘गावचाच माणूस आहे, तोंडी शब्द पुरे’ असे म्हणून चावी देणारे आमच्यात कमी नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. उलट, राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर दुप्पट रक्कम मागता येते.

राहता राहिली अनामत. मोठी डिपॉझिट घेऊन भाडे माफ करण्याची पद्धत अनेकांना सोयीची वाटते. पण ती रक्कम आपली नव्हे, ते परत करायचे कर्ज आहे. उसन्या पैशाच्या बदल्यात घराचा वापर देणे शरीअतीत बसते का, हेही जाणकार उलेमांना विचारून घ्यावे. अशी रक्कम मालात गुंतवली आणि भाडेकरू निघाला, तर तोंड लपवण्याची पाळी येते.

आमचे म्हणणे इतकेच : खोली लहान चालेल, लांबची चालेल, दोन वर्षे उशिरा घेतली तरी चालेल; कागद मात्र कच्चा चालणार नाही. आयुष्यभराची मेहनत त्याच कागदावर उभी राहणार आहे.